२१२ पैकी किती?

वैद्यकीच्या विद्यार्थ्याला पुरावा पारखून उपचार ठरवता येतो का, हे मोजायच्या परीक्षा निघाल्या आहेत. बर्लिनच्या प्रश्नावलीत १५ प्रश्न, सगळे बहुपर्यायी. अंदाजपंचे खुणा केल्या तरी थोडे गुण पदरात पडतात. फ्रेस्नो चाचणी जास्त कडक. तिथे रुग्णाची हकिगत वाचून प्रश्न स्वतः रचायचा, संशोधन कुठे शोधाल ते लिहायचं, वर आकडेमोड. एकूण गुण २१२. शंभर का नाहीत, असं विचारणाऱ्याने आधी शंभराच्या बाजूचा पुरावा आणावा.

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेचा पिरॅमिड मांडून ठेवला: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि शेंड्यावर प्रत्यक्ष करणं. लेखी चाचण्या खालच्या दोन पायऱ्यांवरच बसकण मारतात. वर चढायचं तर वॉर्डात विद्यार्थ्याशेजारी कोणीतरी उभं राहायला हवं. त्यापेक्षा उत्तरपत्रिका बऱ्या, त्या घरी नेता येतात.

आपल्याकडे २०१९ मध्ये एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, सोबत लॉगबुक आलं. सत्र संपता संपता एका बैठकीत पानभर सह्या झाल्या की पानभर क्षमता सिद्ध! मग असा सिद्ध विद्यार्थी राउंडला जातो आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक कशाला, असं चुकून विचारतो. सर म्हणतात, “वीस वर्षं देतोय मी.” तो मुकाट्याने लिहून घेतो. पुराव्यांच्या उतरंडीत सरांचं मत कितव्या पायरीवर येतं, हे त्याला पाठ आहे. अंतर्गत गुण कोणाच्या हातात आहेत, तेही.