पेढ्याची हद्द

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की महामार्गावरचा पुणे जिल्हा सारोळ्यात संपतो. पुढे नीरेवरचा पूल, आणि पूल उतरला की शिरवळ. महसूल खात्याच्या नकाशात ही जिल्ह्याची हद्द आहे. मी ती पेढ्याची हद्द मानतो. पलीकडे सातारा, म्हणजे कंदी पेढ्याचं राज्य. खवा तांबूस होईस्तोवर भाजायचा, पेढे वळायचे, आणि मग ते नवसाला न्या, लेकीच्या सासरी न्या, नाहीतर पिशवीत टाकून मुंबईला न्या, बिघडत नाहीत. अलीकडे आपला पुणे जिल्हा. त्याच्या दुसऱ्या टोकाला, मावळात, इंद्रायणीकाठच्या इंदोरीला कॅडबरीचा कारखाना आहे. साठच्या दशकात दुधाची सोय बघत कंपनी तिथे आली. तुकोबांचा भंडारा डोंगर जवळच. जिने गाथा तारली त्या नदीच्या काठी पुढे चॉकलेट निघेल, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार?

तिसरी आघाडी पूर्वेची. फेरेरो या इटालियन कंपनीने 2011 साली बारामतीत कारखाना काढला. मुलं हट्टाने मागतात ती किंडर जॉयची अंडी तिथे होतात. आता आमच्या भोरच्या माणसापुढे बारामतीचं नाव काढलं की त्याला आधी पाणी आठवतं. भाटघरचं धरण 1928 साली पुरं झालं, ते भोर तालुक्यात. त्याचं पाणी नीरेतून सारोळ्याच्या पुलाखालून वीरला जातं आणि तिथून कालव्याने बारामतीच्या उसाला. जमिनी इकडे बुडाल्या आणि रान तिकडे हिरवं झालं, ही इथली पिढ्यान्पिढ्यांची तक्रार. आता निदान त्या बाजूने प्लास्टिकच्या अंड्यात घालून थोडं गोड परत येतं, वर खेळणंही असतं. मुद्दल नाही, पण व्याज म्हणायला हरकत नसावी.

या तिन्ही फौजा सारोळ्याच्या फाट्यावरच्या एका किराणा दुकानात समोरासमोर उभ्या असतात. दुकान एका काकूंचं आहे. एसटीला उशीर झाला की मी तिथे टेकतो, आणि एसटी मला या बाबतीत कधी निराश करत नाही. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, बरण्या, शेंगदाण्याचं पोतं, आणि गल्ल्याला लागून जांभळा, काचेच्या दाराचा छोटा फ्रीज. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या धोरणांवर मोठमोठी पुस्तकं निघतात. मला त्यातलं बरंच काही या फ्रीजसमोरच्या बाकावर कळलं, आणि चहाही मिळाला.

चॉकलेटचा पहिला वैरी दुसरी कंपनी नव्हे, आपलं ऊन. कोकोची चरबी चौतीस अंशांच्या आसपास पातळ होते, म्हणून तर चॉकलेट तोंडात विरघळतं. पण चैत्र-वैशाखात सारोळ्याची हवाच तोंडाइतकी गरम होते, त्याला काय करणार? किंडर जॉयवाल्यांनी यातून मोठी नामी वाट काढली. जे वितळणारच आहे ते आधीच मऊ करून टाकायचं आणि सोबत चमचा द्यायचा. संकटाला शरण जाऊन त्याचेच पैसे घेण्याची ही रीत मला फार आवडते. बाकीच्यांनी दुकानादुकानांत फ्रीज पोचवले. फ्रीज ठेवायचा तो आपल्याच चॉकलेटसाठी, अशी कंपन्यांची अपेक्षा असते. काकूंच्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात चॉकलेटं असतात. मधल्या कप्प्यात दह्याचं पातेलं, खाली मोगऱ्याचे गजरे आणि शेजारच्या आजोबांचं इन्सुलिन. 

"काकू, हे चालतं का?" मी विचारलं.

"लाईट बिल कोण भरतंय?" त्या म्हणाल्या. विषय मिटला.

दुसरा वैरी पेढा. आणि इथे कंपनीच्या चिकाटीला दाद दिली पाहिजे. कॅडबरी भारतात आली 1948 साली, बोर्नव्हिटा आणि चॉकलेट घेऊन. पुढची चार-साडेचार दशकं चॉकलेट हा पोरांचा खाऊ राहिला. मोठ्या माणसाने भर रस्त्यात चॉकलेट खाणं म्हणजे भोवरा फिरवण्यासारखं, चारचौघांत शोभत नसे. 1994 च्या सुमाराला एका जाहिरातीत क्रिकेटच्या मैदानावर एक तरुणी पहारेकऱ्याला चुकवून नाचत घुसली, आणि मोठ्यांना चॉकलेट खायची परवानगी मिळाली. पण परवानगीने किती खपणार? माणूस चॉकलेट खाईल तो एकटा, एखादं. पेढा मात्र अर्ध्या किलोच्या पुड्यात घरोघर जातो. दुसऱ्यांना वाटायचं गोड, खपाचा डोंगर तिथे आहे, हे कंपनीने बरोबर हेरलं.

मधेच 2003 च्या ऑक्टोबरात घात झाला. महाराष्ट्रात काही चॉकलेटांत अळ्या सापडल्या, अन्न आणि औषध प्रशासनाने चौकशी सुरू केली, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आमचा माल कारखान्यातून चांगलाच निघतो, दुकानातल्या साठवणुकीत घोटाळा होतो, असं कंपनीचं म्हणणं. पण नुसतं म्हणत न बसता तिने वेष्टण बदलून घट्ट बंद केलं आणि अमिताभ बच्चन यांना पुढे केलं. दुकानदार सुधारत नाही तर कागद सुधारा! काकूंच्या कप्प्यात मोगरा आणि चॉकलेट शेजारी नांदतात आणि चॉकलेटला मोगऱ्याचा वास लागत नाही, त्यामागे तो सगळा इतिहास आहे.

मग सुरू झाली एकेका प्रसंगाची वसुली. परीक्षेत पप्पू पास झाला, चॉकलेट. पगाराची पहिली तारीख, चॉकलेट. राखीला डबा, दिवाळीला मोठा डबा. 2010 च्या सुमाराला तर शुभ कामाआधी तोंड गोड करावं म्हणत कंपनी आपल्या दहीसाखरेपर्यंत येऊन पोचली. आजीने हातावर ठेवलेली दहीसाखर चाटून पेपरला गेलेल्या माझ्या पिढीला हे जरा लागलं. आजीकडे जाहिरात खातं नव्हतं. तरी पेढ्याचा गड अजून राखला आहे तो नैवेद्याने. सारोळ्याच्या पंचक्रोशीत नवस फेडायला पेढे लागतात, गाडी घेतली की पेढे लागतात, दहावीच्या निकालाला शिक्षकांना पेढे लागतात. पुण्यात मात्र गणपतीसमोर चॉकलेटचे मोदक आले आहेत. तटबंदी कुठून ढासळते आहे ते सांगायला नको.

या धामधुमीत खुद्द कॅडबरीच विकली गेली. 2010 मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने तिला सुमारे 1150 कोटी पौंडांना घेतलं. 2012 मध्ये क्राफ्टच्या वाटण्या झाल्या आणि चॉकलेटं मोंडेलीझ नावाच्या हिश्शात गेली. 2014 मध्ये भारतातल्या कंपनीचंही नाव बदललं. विलायतेत केवढी ओरड झाली, पुढे तिथे कंपनी ताब्यात घेण्याचे नियमही कडक करावे लागले. सारोळ्यात पानही हललं नाही. सातबारावर मालक बदलला तरी वावराला लोक जुन्याच मालकाच्या नावाने ओळखतात, तसं झालं. मालकानेही शहाणपणा केला आणि जांभळा कागद तसाच ठेवला. माझा जीव तुटतो तो वेगळ्याच खरेदीखतासाठी. वालचंद हिराचंदांच्या रावळगावची पान पसंद चघळत आम्ही मोठे झालो. 2024 मध्ये रावळगावची गोळ्यांची सगळी नावं, पान पसंदसकट, रिलायन्सच्या कंपनीकडे गेली सत्तावीस कोटी रुपयांना. एवढ्यात हल्ली पुण्यात बरेसे दहा-वीस फ्लॅट येतात.

आता किमतीची गंमत. गावच्या दुकानात पाच रुपये हा आकडा देवासारखा आहे, त्याला धक्का लावायचा नाही. कोको मात्र येतो मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतून, आयव्हरी कोस्ट आणि घानाकडून. तिथे पीक बिघडलं आणि 2024 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात टनाचा भाव बारा हजार डॉलरच्या वर गेला. त्याआधी दोन वर्षं तो तीन हजारांच्या आत होता. अशा वेळी पाचाचे सहा केले तर पोरगं परत जातं, कारण त्याच्या मुठीत पाचच असतात. मग हात जातो वजनाला. ग्रॅम बारीक अक्षरात छापलेले असतात आणि चष्मा लावून चॉकलेट घेणारं पोरगं अजून जन्माला यायचं आहे.

2025 च्या 22 सप्टेंबरला चॉकलेटवरचा कर अठरा टक्क्यांवरून पाचावर आला आणि उलटाच पेच पडला. कर कमी झाला म्हणजे किंमत कमी केली पाहिजे. काही पुड्यांवर 4 रुपये 45 पैसे छापून आले, रुपयाच्या गोळीवर 88 पैसे. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी 2011 मध्येच बंद झालेली. बारा पैसे परत द्यायचे कशाने? आजवर सुटे नसले की दुकानदार गोळी द्यायचा. आता गोळीचेच सुटे द्यायची पाळी. काकूंनी यावर अर्थखात्याला सुचलं नसतं असं उत्तर शोधलं: आठ गोळ्या एकदम घ्या, सात रुपये चार पैसे होतात, चार पैसे मी सोडले. पोरांनी आठ घेतल्या. खप आठपट करून वर उपकारही केला, आणि धोरण धोरण म्हणतात ते आणखी काय असतं?

परवा मी बसलो असताना कंपनीचा सेल्समन आला. तरुण, नवा, हातात टॅब. राखीची स्कीम समजावून सांगत होता: एवढे डबे घेतले तर एवढे टक्के, फ्रीजचा वरचा कप्पा पूर्ण भरला आणि फोटो पाठवला तर वेगळं बक्षीस. बोलता बोलता त्याने दार उघडलं. दही, गजरे, इन्सुलिन. तो थबकला. त्याच्या ट्रेनिंगमध्ये हे आलं नसावं.

"काकू, यात फक्त आपला माल ठेवायचा असतो."

"ठेवते की. पण तुमच्या सायबाला सांग, पुढच्या बारीला जरा मोठा फ्रीज पाठवा म्हणावं. श्रावणात हार मावत न्हाईत."

त्याने टॅबवर काहीतरी लिहून घेतलं.