जावईबापूंची दुबार पेरणी

ब्रॅम्प्टन, कॅनडा

ति. बाबांना शि. सा. न.

इकडे सर्व खुशाल. तिकडे मिरग लागला असेल, तिफण धुतली असेल. आमची पेरणी आटोपली. दोनदा.

एप्रिलअखेर चार दिवस ऊन पडलं आणि तुमच्या जावयांच्या अंगात शेतकरी संचारला. इथे व्हिक्टोरिया डे होईपर्यंत, म्हणजे मेचा तिसरा-चौथा आठवडा येईपर्यंत, टमाट्याचं रोप कुणी बाहेर काढत नाही. शेजारच्या पंजाबी आजी कुंपणावरून ओरडल्या, पण ऐकतील ते जावई कसले! धुऱ्यावरचा शेजारी पेरून मोकळा झाला, तरी तुम्ही १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय सोयाबीनच्या थैलीला हात लावत नाही. यांनी सरळ धूळपेरणी केली. एका रात्री दहिवर गोठलं, आणि सकाळी रोपं उकडलेल्या पालकासारखी लोळत पडली होती.

मग तुम्हाला फोन. तुम्ही म्हणालात, "दुबार करा. त्यात काय रडाचं? पन आता तेच नोका पेरू." पाऊस लांबला की आपण मूग-उडीद सोडून तूर धरतो, हे यांना त्या दिवशी कळलं. यांनी चवळी धरली. बी जुनं, म्हणून तुमच्यासारखी ओल्या गोणपाटात उगवण तपासायची होती. गोणपाट कुठलं? माझा पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल गेला. उगवण ७० टक्क्यांच्या वर निघाली, आणि आता भेटेल त्याला टक्केवारी ऐकावी लागते.

बाबा, आता खरं ते लिहिते. हिवाळ्यात यांची नोकरी गेली. तेव्हापासून त्याच कामासाठी अर्जांवर अर्ज चालले होते. तुमच्या फोननंतर दोन दिवस गप्प होते, मग शाळेची बस चालवायचं शिकायला गेले. आपल्या वाशिमात रब्बीला चिया आला, तेव्हा "हे सब्जासारखं काय पेरतात!" म्हणून तुम्हीच नाक मुरडलं होतं. आता बाजार समितीत त्याची खरेदी होते. तेव्हा बसला नाक मुरडू नका.

रेल्वे फाटकाशी बस थांबवून, दार उघडून कानोसा घ्यायचा, असा इथला नियम आहे. त्याचा सराव सध्या आमच्या छोट्या मोटारीत चालतो. मागचे हॉर्न वाजवतात, हे दार उघडून शांतपणे ऐकत बसतात. पगार कमीच येईल. झोप मात्र लागायला लागली आहे.

आईला पत्र चवळीपर्यंतच वाचून दाखवा. बसचं मी रविवारी फोनवर सांगते.

तुमची,
बेबी