दाजी आणि १०५ टीएमसी

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालचा, गाव जांब. म्हणजे आमच्या कुंभार पिंपळगावचा शेजार. दासबोधात त्यांनी मूर्खलक्षणांचा एक अख्खा समास लिहिला आणि शिकलेले त्यातून सुटू नयेत म्हणून पढतमूर्खांसाठी आणखी एक. त्यामुळे आमच्याकडे कुणाला मूर्ख ठरवायचं झालं तर आधार घरचाच. घोटाळा होतो तो आमच्या दाजींपाशी. दाजी मूर्ख नाहीत. मोटार-पाइपाचं दुकान तीस वर्षं चालवून उधारीसुद्धा वसूल करतात. पढतमूर्खही नाहीत, कारण पढलेले नाहीत. दाजी माहितगार आहेत. ज्या गोष्टीशी उभ्या जन्मात संबंध आला नाही, तिची माहिती त्यांना जरा जास्तच असते.

पाण्याशी मात्र त्यांचा संबंध रोजचा, आणि तो इंचात. आमच्याकडे बोअरचं पाणी इंचात सांगतात. यात एक रीत आहे : ज्याला लागलं, तो खरं सांगत नाही. तीन इंची धार उडाली तरी माणूस तोंड पाडून दुकानात येतो आणि म्हणतो, ‘‘लागलं थोडंफार. इंचभर.’’ खरं सांगावं तर आठ दिवसांत शेजारी बांधाला खेटून बोअर पाडतो. दाजी हे ओळखून असतात. ‘‘इंचभर म्हणला ना? मग पाच एचपीची बांध त्याला,’’ असं पोराला हळूच सांगतात.

अशा या दाजींना पुण्याच्या लेकीनं तीन दिवसांचं कयाकिंग बुक करून दिलं. महाबळेश्वरखाली तापोळ्याला जायचं, कोयनेच्या शिवसागरात होडी वल्हवायची, रात्री काठावर तंबूत राहायचं. ‘‘सोबत गाइड असतो, बाबा,’’ ती म्हणाली. दाजींना तेवढं एक खटकलं. ‘‘गाइड काहून? मी हाये की.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘पाव्हणं, तुम्ही चला.’’ मार्गदर्शन करायचं तर समोर कुणीतरी लागतं, आणि मेव्हण्याहून हक्काचं कोण?

गाइड साताऱ्याकडचा, पंचविशीतला, कमी बोलणारा पोरगा. त्याचा पहिला अर्धा तास सामान आवरण्यात गेला. समुद्री कयाक म्हणजे दोन बाजा एकापुढं एक लावाव्यात एवढी लांब आणि रुंदीला एका माणसापुरती. सामानाच्या कप्प्यांची तोंडं जेवणाच्या ताटाएवढी. पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत सगळं भरून तिथं कोंबायचं. दाजींच्या सामानात दोन पाने, टेस्टर, टेफ्लॉन टेप, पाइप चिकटवायचं सोल्युशन, सुतळी आणि धपाट्यांचा स्टीलचा डबा. बाकीचं कसंबसं आत गेलं. डबा गेला नाही. तीन दिवस तो दाजींच्या गुडघ्यांमध्ये बसून होता.

‘‘हे कशाचं असतं ठावं हाय का?’’ दाजींनी कयाकवर बोटाची टिचकी मारली. ‘‘टाकीचं प्लॅस्टिक. गच्चीवर पाण्याची टाकी असती ना, तेच.’’

‘‘बरोबर, काका,’’ गाइड म्हणाला.

इथंच घात झाला. एक गोष्ट बरोबर निघाली की दाजींना पुढच्या शंभर गोष्टींचा परवाना मिळतो. लाइफ जॅकेटचा पट्टा कसा आवळावा, वारं दुपारनंतर का वाढतं, होडी उलटली तर आधी काय सोडावं, हे सगळं गाइड सांगत होता आणि दाजी ते त्याच्याच मागं उभं राहून बाकीच्यांना समजावत होते. पोरानं शेवटी विचारलं, ‘‘काका, तुम्ही आधी केलंय का कयाकिंग?’’

‘‘तसं न्हाई. पण हे बघ, समर्थ आमच्या शेजारचे आणि सज्जनगड तुमच्या साताऱ्याचा. मार्गदर्शन आमच्याकडून तुमच्याकडं येतं, ही रीत जुनीच हाय.’’

दोघांच्या कयाकमध्ये मी पुढं, दाजी मागं. सुकाणू मागच्याच्या पायात असतं, हे कळल्याबरोबर त्यांनी ती जागा धरली होती. ‘‘पुढच्याची लय मागच्यानं सांभाळायची,’’ गाइड म्हणाला.

‘‘पुढचा मेव्हणा हाय,’’ दाजी म्हणाले. म्हणजे विषय संपला.

माझं वल्हं डावीकडं पडलं की त्यांचं उजवीकडं, आणि मधे कधीतरी दोन्ही एकमेकांवर खणकन. होडीनं काठाजवळच तीन गिरक्या घेतल्या. बाकीचे पार पुढच्या वळणाला गेले. ‘‘गोल फिरतोय का आपण?’’ मी विचारलं. ‘‘पाहणी चाललीय,’’ उत्तर आलं. मग एकदम, ‘‘ओ पाव्हणं, किती असंल हे पाणी?’’

मी म्हटलं, ‘‘१०५ टीएमसीचं धरण आहे.’’

‘‘आन् आपला नाथसागर १०२! तीनच कमी!’’

टीएमसीचे, म्हणजे अब्ज घनफुटांचे, आकडे आमच्याकडे पोरासोरांना पाठ असतात. त्या १०२ मधला २६ टीएमसी मृत साठा आणि उरलेलं कधी भरतं, कधी नाही, हा भाग दाजींनी गाळला. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाचा, डावा कालवा आमच्या तालुक्यातून जातो. त्याचं आवर्तन कधी सुटणार यावर दुकानाचा हंगाम ठरतो. त्यामुळे जायकवाडी हा दाजींच्या आकडेवारीचा नाही, मायेचा विषय आहे.

रात्री जेवायला सगळे ओळीनं बसले. भाताचं पातेलं त्या टोकाकडून निघालं आणि आमच्यापर्यंत येता येता तळाला गेलं. दाजींनी पातेल्यात वाकून पाहिलं. ‘‘१५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के नसलं तर नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, असा नियम हाय. वरच्यांनी भात सोडावा.’’ पुण्याची मंडळी हसली. मुकाट्यानं भात खाली सरकला. तीन दिवसांतलं हे त्यांचं एकमेव यशस्वी मार्गदर्शन.

शेकोटीशी त्यांनी गाइडला सहज विचारलं, ‘‘हे पाणी शेवटी जातं कुठं?’’

पोरगा म्हणाला, ‘‘काही खाली कृष्णेकडं. बरंचसं डोंगरातल्या बोगद्यांतून पलीकडं, पोफळीला. वीज होते, मग वाशिष्ठीत, चिपळूणवरून समुद्रात. कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मुभा दिलीय.’’

‘‘समुद्रात?’’

‘‘हो.’’

दाजींची बोटं हलली. ‘‘म्हंजी आमचा नाथसागर जवळजवळ भरला की. दरसाल. समुद्रात!’’

‘‘पण काका, विजेशिवाय तुमच्या मोटारी कशावर चालणार?’’

दाजी गप्प. मी त्यांच्या लग्नापासून त्यांना ओळखतो. असं कधी झालं नव्हतं. त्यांनी काटकीनं निखारे सारखे केले, उठले आणि ताट घेऊन काठावर गेले. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर दाजी पेला बुडवून त्यातल्या अर्ध्याच पाण्यात ताट विसळत होते. आधी बोटानं कड पुसली, मग घोटभर पाणी गोल फिरवलं, मग तेच पाणी चमच्यावर. उरलेला घोट झुडपाच्या बुडाशी ओतला.

‘‘काका, समोर एवढं पाणी आहे की!’’ गाइड म्हणाला.

‘‘असू दे,’’ दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी होडी सरळ गेली. माझं वल्हं डावीकडं पडलं की मागचंही डावीकडं पडत होतं. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दाजींनी लगेच काहीतरी समजावलं असतं.

गावी आल्यावर दुकानात गर्दी जमली. दाजींनी वाऱ्याशी दिलेली झुंज सांगितली. उलटलेली होडी सांगितली, जी उलटली नव्हती. गाइडला कसं तयार केलं तेही सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीत चहा पीत ‘व्हय व्हय’ म्हणत होतो. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, ‘‘दाजी, पाणी किती होतं पण तिथं?’’

दाजींनी एकवार दाराकडं पाहिलं. मग तोंड पाडलं.

‘‘होतं थोडंफार,’’ ते म्हणाले. ‘‘इंचभर.’’