खर्जाची दरखास्त

सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यात ३४ वर्षे परक्यांच्या जमाखर्चातील व्यंगे धुंडाळण्यात घालविलेल्या मनुष्याची दोन इंद्रिये कायमची नादुरुस्त होतात, असा माझा अनुभव आहे : डोळ्यांस कोऱ्या कागदावरही आक्षेपार्ह मजकूर दिसू लागतो, आणि कानांस, घंटा वाजलेली नसतानाही, साहेबांची घंटा ऐकू येते. शेवटच्या बदलीने मला बंगळुरास आणून टाकले, तेथेच यशवंतपुरात घर झाले, आणि ज्या वयात सुज्ञ लोक श्रवणयंत्राची चौकशी करू लागतात त्या वयात मी घरच्या संगणकासाठी उत्तम स्पीकर निवडण्याचा उद्योग आरंभिला.

निमित्त वडिलांचे. मिरजेस दिवेलागण झाली की ते तंबोरा काढीत. पंढरपुराकडचा भोपळा, तुणाचे लाकूड आणि काळी एकमध्ये लावलेल्या चार तारा, एवढ्या सरंजामावर ते तासभर भूप गात. श्रोता कोणी असला तर त्याच्याकडे पाठ करून. त्यातला एक भूप मी १९८४ साली खोलीबाहेर बसून चोरून टेप केला होता. ती कॅसेट परवा भाच्याने संगणकात भरून दिली, मी मोठ्या उत्कंठेने ती लावली, आणि संगणकाच्या अंगच्या स्पीकरांतून जे प्रकट झाले ते डब्यात कोंडलेल्या भुंग्याचे निवेदन होते. वडील होते, पंचम होता, जोडीच्या तारा होत्या. परंतु चौथी तार, जिच्या आधारावर ते सारे उभे असायचे तो खर्ज, समूळ बेपत्ता होता. तपासनिसाच्या भाषेत, चार रकमांपैकी एकीचा अपहार झाला होता.

तेव्हा स्पीकर हवे, अशी दरखास्त मी सौभाग्यवतीपुढे ठेवली. गीझरचा प्रश्न आधीपासून प्रलंबित असल्याने ती दोनदा तहकूब झाली आणि तिसऱ्या खेपेस, ‘माझ्या पोथ्या टेबलावरून हलवायच्या नाहीत’ या अटीवर, मंजूर झाली.

एस. पी. रोडवरील एका दुकानात मला जे पहिले खोके दाखविण्यात आले त्यावर ‘१००० वॅट पी.एम.पी.ओ.’ अशी सुवर्णाक्षरे होती. खोके उलटे करून पाहण्याची जित्याची खोड. उलटे केले, तो सोबतच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत १२ व्होल्ट, १ अँपिअर असे आढळले. व्होल्टास अँपिअरने गुणिले म्हणजे वॅट येतात, हे शाळेत शिकलेले मला सुदैवाने आठवत होते. म्हणजे जमेस १२ आणि खर्चास १०००! माझ्या सबंध नोकरीत इतका निर्भय ताळेबंद मी पाहिला नव्हता. मी दुकानदारास उरलेल्या ९८८ वॅटांचा तपशील विचारला. त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले आणि या शहराचा जो सनातन मंत्र आहे तो उच्चारला : ‘स्वल्प ॲडजस्ट माडि, सर.’

भाच्याने सायंकाळी त्या ९८८ वॅटांचा उलगडा केला. पी.एम.पी.ओ. म्हणजे यंत्र एका निमिषात, मरणापूर्वी, जेवढे किंचाळू शकेल असे विकणाऱ्यास वाटते तेवढे; खरा आकडा आर.एम.एस.चा, जो यंत्र रोजच्या रोज निभावते. ‘आणि मामा, तुम्हांला वॅट हवेत कशाला? वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. तुम्ही हातभर अंतरावर बसणार. तुम्हांला ताकद नको, सचोटी हवी.’ हे वाक्य खात्याच्या भरतीच्या जाहिरातीत घालण्याजोगे होते. पुढे त्याने ‘पॉवर्ड’ आणि ‘ॲक्टिव्ह’ यांतील भेद सांगितला, जो दुकानांत सर्रास मानला जात नाही. पॉवर्डमध्ये ॲम्प्लिफायर पेटीतच असतो, पण बहुधा एकच. त्याने मोठा केलेला आवाज मागाहून वूफर आणि ट्वीटर यांत वाटला जातो. ॲक्टिव्हमध्ये वाटणी आधी होते, आणि मग प्रत्येकास स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो. हा एकत्र कुटुंब आणि विभक्त कुटुंब यांतला भेद मला तत्काळ कळला. किंमतही त्याच प्रमाणात वाढते.

खरा खोडा घातला तो शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी. पदार्थविज्ञान शिकविण्यात जन्म गेलेला, कन्नडमिश्रित इंग्रजीत हळूहळू बोलणारा हा सज्जन गृहस्थ माझी कैफियत ऐकून म्हणाला की, काळी एकची जोड १३९ हर्ट्झच्या आसपास, तर तुमचा खर्ज तिच्या निम्मा, सुमारे ६९. एवढ्या खोल जायला निदान पाच इंची वूफर हवा. परंतु तो नसला तरी बिघडत नाही, कारण मूळ स्वर नाहीसा करून केवळ त्याचे वरचे अंशस्वर कानांवर घातले, तरी मेंदू मूळ स्वर स्वतःच्या पदरचा घालून ऐकतो. आणि तंबोऱ्याला तर अंशस्वरांची काय वाण! रुंद घोडीवर जवारी उघडली की ते कसे उसळतात, याची मीमांसा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ सालीच केली होती. तबला-मृदंगाच्या शाईवर त्याआधी वर्षभर. तेच रामन १९३३ साली येथे, आपल्या कुंपणापलीकडच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, संचालक होऊन आले. ‘तेव्हा जो खर्ज तुमचे डोके फुकट तयार करते, त्यासाठी पैसे का मोजता?’

मी रात्रभर विचार केला. एस. पी. रोडवरचा तो दुकानदार नकळत एक शास्त्रीय सिद्धांतच सांगून गेला होता. ॲडजस्ट करणारा कान ईश्वरानेच घडविला होता. परंतु मूळ पावती गहाळ झाली असता दुय्यम कागदांवरून रक्कम अदा झाल्याचे अनुमान करणे, ही गोष्ट मी हयातभर नामंजूर करीत आलो होतो, आणि वडिलांच्या बाबतीत ती मंजूर करण्यास मन घेईना. शिवाय नसलेली घंटा ऐकणाऱ्या माझ्या कानांच्या अनुमानावर कोणी विसंबावे? पाच इंची वूफरचे ॲक्टिव्ह स्पीकर आले. गीझर पुढील आर्थिक वर्षात गेला.

शहाजीराजांना १६३८ साली बंगळूर जहागीर मिळाले. माझ्या वाट्यास चार फुटांचे टेबल आले, पैकी सव्वा फूट पोथ्यांच्या वहिवाटीत. उरलेल्यात दोन स्पीकर आणि माझे मस्तक यांचा समभुज त्रिकोण साधावयाचा, पेट्या भिंतीस चिकटल्या तर खर्ज फुगतो म्हणून त्या पुढे ओढावयाच्या, आणि ट्वीटर कानांच्या उंचीस आणण्यासाठी खाली काही ठेवावयाचे. त्या कामी अखेर पोथ्याच उपयोगी पडल्या. (हे तिला आठवड्याने कळले.)

कॅसेट लावली. खर्ज आला, टेबलाच्या लाकडातून कोपरांपर्यंत आला. पण त्याबरोबर एक चिवट गुंजारवही आला. आपल्या विजेची स्पंदने सेकंदाला ५०, आणि तिची गुणगुण ५० वर व त्याच्या दुपटीवर, १०० वर ऐकू येते. काळी एकचा षड्ज धरला तर १०० हर्ट्झ म्हणजे किंचित चढा तीव्र मध्यम! भूपात मध्यम कोणताच लागत नाही. वडील वर्ज्य स्वर चुकविण्याची पराकाष्ठा करीत होते आणि वीजमंडळ त्यांना अहोरात्र यमनाकडे ओढीत होते. प्राध्यापकांनी येऊन पाहिले. संगणकाचे अर्थिंग एका भिंतीत, स्पीकरचे दुसऱ्या भिंतीत, आणि दोहोंतील फरकाचा प्रवाह आवाजाच्या वायरीतून वाहत होता. त्यांनी दोन्ही प्लग एकाच बोर्डात खोचले. मध्यम निमाला.

आता उरले यशवंतपूर. चंदनी साबणाच्या कारखान्यामुळे या भागास सुगंध फुकट मिळतो, शांतता मात्र कोणत्याही भावाने मिळत नाही. मार्केट यार्डात महाराष्ट्राचा कांदा घेऊन येणाऱ्या मालमोटारी, स्टेशनावर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत दिलगिरी व्यक्त करणारी बाई, आणि गाड्या. मी खिडक्या लावून घेतल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. तरी वडील तार षड्जावर जाऊन स्थिरावले की नेमकी त्याच क्षणी गाडीची शिटी होई. मी उठून खिडकी तपासावी, परत येऊन तान मागे न्यावी, पुन्हा षड्ज लागावा आणि पुन्हा शिटी व्हावी. रेल्वे इतकी वक्तशीर कधीपासून झाली, या विचाराने मी त्रस्त झालो आणि चौथ्या खेपेस तक्रारअर्जाचा मसुदा करण्यासाठी कागद ओढला.

सौभाग्यवती दारात उभी होती. तिचे माहेर मिरजेचेच, स्टेशनाच्या अंगचे.

‘अहो, खिडकी काय लावता पुन्हापुन्हा?’ ती म्हणाली. ‘ती इथली शिटी नव्हे. ती आपली छोटी गाडी, कुर्डुवाडीची.’

मी स्पीकरकडे पाहिले. मग कॅसेट मागे नेली, आणि ती पोथ्यांची चौकशी न करता शेजारी खुर्ची ओढून बसली.