चतुर आणि भिंगवाले

चैत्र सरता सरता, ऊन अंगावर येण्यापूर्वीच, रायपूरच्या बुढा तालाबावर, बालपणी या शहरात राहून गेलेल्या विवेकानंदांच्या आसनस्थ पुतळ्यासमोर, हातभर लांब भिंगांचा लवाजमा घेऊन जी सभ्य मंडळी तैनात होतात, त्यांची अपेक्षा एवढीच असते, की चतुराने हुकूम होईतो पंख हलवू नयेत. चतुर उडतो, वर्तुळ घेऊन त्याच काडीवर पुन्हा रुजू होतो; आणि यांचे भिंग जुळेजुळेतो वेडा राघू त्याला उचलून, तारेवर आपटून, कोणाचाही मुलाहिजा न ठेवता गिळंकृत करतो. चित्रात उरते काडी, तीही अस्पष्ट. मग राज्यपक्षी पहाडी मैनेसाठी बस्तरच्या स्वारीचे बेत शिजतात. अंगणात रोज येणाऱ्या साळुंकीची मात्र यांच्या दफ्तरी नोंद नाही.