नऊ इंची खिळ्यांची प्रतवारी : कसारा लोकलसाठी मार्गदर्शिका

‘नाइन इंच नेल्स’ या अमेरिकी बँडचे अल्बम पहिला, दुसरा, तिसरा असे लावण्याचा उद्योग जगात पुष्कळ जण करतात. पण सगळे शांत खोलीत, दार लावून करतात. पद्धत तिथेच चुकते. यंत्रांच्या खडखडाटातून घडलेलं हे संगीत गालिच्यावर बसून ऐकणं म्हणजे पाटावर बसून पोहायला शिकणं. प्रतवारी लावायची तर कसाऱ्याला या.

आधी कान तयार करावेत. कसाऱ्यापुढे थळ घाट सुरू होतो, चढ ३७ला १. इगतपुरीकडे जाणाऱ्या गाडीला मागून ढकलायला इथे जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. बँकरचा बफर शेवटच्या डब्याला भिडतो तो ‘धाड्’, डब्याडब्यातून पुढे पळत जाणारा कपलिंगचा खणखणाट आणि लांबून रूळ तपासणाऱ्या चावीवाल्याच्या हातोडीचे ठोके, एवढं आठवडाभर उपाशीपोटी ऐकावं. बर्लिनच्या ‘आइनश्टुर्त्सेंडं नॉयबाउटेन’ या मंडळींनी १९८० पासून भंगार लोखंड आणि ड्रिल मशीन बडवून जगभर नाव कमावलं. आमचा चावीवाला तेच रोज करतो, वर पावसात भिजतो. त्याचा अल्बम निघालेला नाही.

कान तयार झाले की पहाटेची सीएसएमटी गाडी धरावी. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे खिडकी मिळते. चौथ्या सीटवर अर्धं ढुंगण टेकून कुणालाही नीट निर्णय देता आलेला नाही. अंतर १२१ किलोमीटर, वेळ सुमारे अडीच तास. एका फेरीत एकच अल्बम. उरलेल्या वेळात झोपावं, म्हणजे मत पिकतं.

आता पात्रतेचा प्रश्न. ‘ब्रोकन’ (१९९२) हा ईपी आहे, म्हणजे अल्बमचा धाकटा भाऊ. त्याला पंगतीत बसवायचं का यावर मैत्र्या तुटलेल्या आहेत. माझ्या मते बसवावा. त्याच्या सीडीवर सहा गाण्यांनंतर एक्क्याण्णव कोरे ट्रॅक आहेत, एकेक सेकंदाचे, आणि ९८ व ९९ क्रमांकावर दोन गाणी लपवलेली. उंबरमाळीच्या पुढे गाडी सिग्नलला उभी राहते, कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही, पंखाही बंद, तसला तो प्रकार. हा अनुभव ज्याच्या अंगवळणी पडलाय त्याने ‘ब्रोकन’ला तिसरा नंबर द्यायला कचरू नये.

‘प्रिटी हेट मशीन’ (१९८९) ऐकताना भावनेच्या आहारी जाऊ नये. बँडचा कर्ताधर्ता ट्रेंट रेझ्नर पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर नावाच्या लहानशा गावचा. क्लीव्हलंडच्या स्टुडिओत तो झाडू-पोछ्यापासून पडेल ते काम करायचा आणि रात्री स्टुडिओ रिकामा झाला की तिथेच आपली गाणी रेकॉर्ड करायचा. बहुतेक वाद्यंही त्याचीच. मुंबईतली ऑफिसं उघडायच्या आत पुसून काढायला निघालेल्यांनी आपल्या गाडीचे निम्मे डबे भरलेले असतात, तेव्हा या पोराला पहिला नंबर द्यावासा वाटणारच. देऊ नये. गाणी गोड आहेत, पण सिंथेसायझर अजून नव्या चपलेसारखा करकरतो. चौथा नंबर.

‘द डाउनवर्ड स्पायरल’ (१९९४) पासष्ट मिनिटांचा. त्यातलं शेवटचं ‘हर्ट’ कल्याणच्या जरा अलीकडे सुरू होतं. ते गाणं २००२ मध्ये जॉनी कॅशने गायलं आणि स्वतः रेझ्नरलाही ते आता आपलं राहिलं नाही असं वाटलं. म्हणून कॅशचे मार्क रेझ्नरच्या खात्यात धरू नयेत. तरीही हा अल्बम पहिलाच, असं मी कित्येक वर्षं समजत होतो.

त्या समजाला मे महिन्यात तडा गेला. शेजारी करवंदांची पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या, बाजूला पळसाच्या पानांची चवड. माझ्या कानात ‘द फ्रॅजाइल’ (१९९९), दोन सीड्यांचा, १०३ मिनिटांचा. वाशिंदच्या आसपास सगळं ढोल-लोखंड थांबलं आणि ‘ला मेर’चा पियानो एकटाच सुरू झाला. मावशींनी कोपर मारलं.

“गिरण बंद झाली का रं बाला?”

कसाऱ्यापासून माझ्या इअरफोनमधून पिठाची गिरण चालू असल्याचं त्या ऐकत आल्या होत्या. एक इअरफोन त्यांच्या कानात दिला. खडवलीपर्यंत त्यांनी पानांवरचा हात हलवला नाही.

“पानी हाय ह्ये,” म्हणाल्या.

‘ला मेर’ म्हणजे फ्रेंचमध्ये समुद्र. मावशींना फ्रेंच येत असावं असं दिसलं नाही.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो: गिरण बंद झाल्यावर काय ऐकू येतं? खडखडाट आम्हाला जन्मापासून फुकट आहे. ‘स्पायरल’ला या कसोटीत पास व्हायला एक ‘अ वॉर्म प्लेस’ पुरतं. ‘फ्रॅजाइल’मध्ये अशा जागा पुन्हा पुन्हा येतात. तो अल्बम अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला आणि दुसऱ्याच आठवड्यात सोळावर घसरला. घाटात ब्रेक नीट तपासला नाही की असं होतं. आमच्या यादीत मात्र तो एकवर आहे, ‘स्पायरल’ दोनवर.

‘यिअर झीरो’ला (२००७) आमच्या शहापूर तालुक्यात वेगळे नियम लावावेत. त्यात सरकार लोकांना गप्प ठेवायला नळाच्या पाण्यात औषध मिसळतं. कल्पना भयंकर आहे, पण आमच्याकडे काही मिसळायचं तर आधी पाणी यावं लागतं. तानसा आणि भातसा ही धरणं तालुक्यात, पाणी मुंबईत, आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकर. त्यामुळे हा अल्बम इथे भीतिदायक न वाटता जरा आशावादी वाटतो. पाचवा. ‘विथ टीथ’ (२००५) आणि ‘हेझिटेशन मार्क्स’ (२०१३) पावसाळ्यात गाडी रखडेल तेव्हासाठी राखून ठेवावेत.

एक व्यत्यय गृहीत धरावा. मध्येच भजनी मंडळाचा डबा लागला तर टाळ निघतात, पत्र्यावर तळहात पडतात आणि ‘ब्रोकन’ पार झाकला जातो. अशा वेळी इअरफोन काढावेत आणि मंडळाला यादीत जागा करून द्यावी. माझ्या यादीत ते सध्या अडीचवर आहे.

परतीच्या प्रवासात यादीत फेरफार करू नये. दादरला कसारा जलदमध्ये चढायला दोन्ही हात लागतात.