पिकअपचे वैभव

नारायणगावचे टोमॅटो वाशीच्या बाजारात रुजू करणाऱ्या बोलेरो पिकअपच्या केबिनमध्ये जे वैभव हल्ली अवतरले आहे, त्याचा यथोचित गौरव करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो. मूळच्या रेक्झिनच्या बाकाची उत्तरक्रिया आटोपून, त्या जागी कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आणलेले, अपघातात दिवंगत झालेल्या इनोव्हाचे आसन सन्मानाने प्रतिष्ठापित केले जाते. त्याच्या बोल्टची भोके खालच्या पत्र्यावरील भोकांशी जुळत नाहीत, ही क्षुद्र हरकत वेल्डिंगवाला दोन टाक्यांत निकालात काढतो. माथ्यावर खासगी आरामबसचा निळा दिवा, आणि समोर २२० किलोमीटरपर्यंत आकडे असलेले, कोणत्याही तारेशी संबंध न ठेवणारे, म्हणूनच सर्वथा निःपक्षपाती असे वेगदर्शक. ब्रेकला मात्र कोणी हात लावलेला नाही. ते बसल्या जागेवरून दिसत नाहीत.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत अशा फेरफारास मनाई करते खरे. परंतु कलावंतांनी मनाईहुकूम कधी मनावर घेतले आहेत? हाच न्याय हौद्यापर्यंत नेऊन तेथेही आरामखुर्च्या बसवल्या, तर टोमॅटोही पट्टा बांधून सुखासीनपणे माळशेज घाट उतरतील, अशी आमची नम्र सूचना आहे.

परवा योग्यता-तपासणीच्या वेळी निरीक्षकसाहेबांनी, यात मूळ गाडीचे काय शिल्लक आहे, अशी पृच्छा केली, तेव्हा मालकाने अदबीने नोंदणीपत्र पुढे केले. ते एका रिक्षाचे निघाले.